वाट पाहू शकणारे जेवण

ज्या घराची उपजीविका समुद्रावर अवलंबून आहे त्या घरात जेवणाची वेळ ठरविण्याचा अधिकार स्वयंपाकघराकडे कधीच नसतो, हे लग्न होऊन झाईला आल्यावर मला अगदी प्रारंभीच उमगले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे हे उत्तरेकडील शेवटचे गाव. येथून थोडे पुढे गेले की उंबरगावची, म्हणजे गुजरातची, हद्द लागते. भरतीचे पाणी खाडीत पुरेसे चढल्याखेरीज होडी आत शिरत नाही, आणि चंद्राच्या गतीमुळे ते पाणी दररोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा चढत असल्याने, आज भर दुपारी जेवणारे घर त्याच भरतीच्या हिशेबाने आठवड्याभरानंतर दिवेलागणीला जेवते. त्यातून वारा फिरला, जाळे अडकले, किंवा मासळीची बोली लांबली, तर तेवढाही भरवसा उरत नाही. अशा घरात बायकांनी चूल धुमसत ठेवून वाट पाहावयाची, आणि मंडळी पानावर बसली की तांदळाची भाकर तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, निवली की ती चिवट होते, या सबबीवर सर्वांचे जेवण उरकेपर्यंत तव्यापासून हलावयाचे नाही, अशी पूर्वापार वहिवाट आहे. माझ्या सासूबाईंचे अवघे आयुष्य या वहिवाटीत गेले. ओल्या बोंबलांच्या त्यांच्या कालवणाची ख्याती बोरीगावापर्यंत होती. परंतु ते कालवण वाफाळते असताना त्यांच्या स्वतःच्या पानात पडल्याचे मी कित्येक वर्षे पाहिले नव्हते.

या अडचणीवरचा एक मार्ग मला बोर्डीच्या एका इराणी कुटुंबाच्या मुदपाकखान्यात, ज्या पदार्थाचा समुद्राशी काडीचाही संबंध नाही अशा एका विलायती पदार्थाच्या रूपाने सापडला. खाली मसाल्यात परतून आटविलेला खिमा, त्यावर लोण्यादुधात घोटलेल्या बटाट्याचा जाड थर, आणि वरून बटाटा तांबूस होईपर्यंत भट्टीची आच, असा हा शेफर्ड्स पाय. त्या घरी मी स्वयंपाकास मदतनीस म्हणून राहिले तेव्हा तो मला नावानेही ठाऊक नव्हता. आज झाईला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी घरगुती जेवणाच्या ज्या मागण्या घेते त्यांत आषाढातली सर्वांत मोठी मागणी त्याचीच असते.

त्या घराविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातील यझ्द व केरमान या भागांतून जे जरथुष्ट्री लोक मुंबई इलाख्यात आले, त्यांपैकी कित्येकांनी डहाणू, घोलवड आणि बोर्डीच्या बाजूस जमिनी घेऊन चिकूच्या वाड्या उभ्या केल्या. त्यांच्याच धर्माचे पारशी लोक त्यापूर्वी कित्येक शतके जवळच्याच संजाणास उतरले होते, तेव्हा हा मुलूख त्यांना सर्वस्वी परका नव्हता. त्यांच्या स्वयंपाकघरात यझ्दचा पुलाव, गुजरातची वाटणे आणि इंग्रजी अमदानीतील बेकिंग ही तिन्ही एकाच फळीवर सुखाने नांदत. आमच्या शेठाणीबाईंच्या माहेरी, मुंबईस, गोव्याचा एक स्वयंपाकी होता, आणि गोव्याचे हे कुशल लोक साहेबांच्या क्लबांतून व आगबोटींवरून विलायती पाकविद्या शिकून ती देशी घरांत घेऊन येत. त्या मार्गाने हा पदार्थ बाईंकडे, आणि बाईंकडून माझ्याकडे आला. मात्र एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, की त्या वाड्यांतून लाकूड फोडणारे, निखारे पुरविणारे आणि खिमा कापणारे हात बहुतकरून वारली बायाबापड्यांचे असत, आणि त्यांच्या पिढ्यांनी या तालुक्यात जी वेठ सोसली, जिच्याविरुद्ध १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली ते उभे राहिले, तिची स्मृती ज्या घरांत चांगलेचुंगले शिजले त्या घरांचा वृत्तांत लिहिताना वगळणे मला न्याय्य वाटत नाही.

शेठाणीबाईंची शिकविण्याची पद्धत शांत आणि नेमकी होती. खिमा यंत्रातून काढून आणण्यास त्यांची सक्त मनाई असे. बकऱ्याच्या खांद्याचे मांस, किंचित चरबी राखून, दोन जड सुऱ्यांनी लाकडी ओंडक्यावर बारीक करावयाचे, कारण यंत्रात दाबले गेलेले मांस शिजताना एकजीव होऊन गोळा बनते, आणि सुरीने कापलेल्याचा कण न् कण सुटा राहतो. मग मोठ्या, जाड बुडाच्या कढईत थोड्याशा तेलावर तो खिमा एकदम सगळा न टाकता हप्त्याहप्त्याने टाकावयाचा. "दीकरी, अगोदर पाणी उडव, रंग आपोआप येईल," असे त्या म्हणत, आणि या एका वाक्यात जे शास्त्र आहे ते मला पुढे पुस्तकांतून पडताळून घेता आले: जोवर कढईत पाणी आहे तोवर तिच्यातील उष्णता १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि मांसाला जो खमंग तपकिरी रंग व सुगंध येतो त्याची क्रिया साधारण १४० अंशांच्या आसपास जोर धरते, म्हणून कढईत गर्दी केली की मांस आपल्याच पाण्यात उकडते, भाजत नाही. रंग आलेला खिमा बाजूस काढून त्याच कढईत कांदा सावकाश गुलाबी करावयाचा, आले, लसूण, हिरवी मिरची आणि गाजराचे बारीक तुकडे घालावयाचे, दोन टोमॅटो शिजवून तेल सुटू द्यावयाचे, चमचाभर मैदा परतून घ्यावयाचा, आणि नंतर खिमा परत आत जावयाचा तो हाडांच्या पाण्यासह. हाडांचे पाणी आदल्या रात्रीच मंद आचेवर काढून ठेवलेले असे. वूस्टर सॉसचे काही थेंब, आणि नवसारीच्या कोल्हा मंडळींचा उसाचा सिरका, जो १८८५ पासून त्या गावी मुरविला जात आला आहे, तो चमचाभर, इतका आंबटपणा त्यात पडला म्हणजे मांसाची चरबी जिभेवर साचत नाही. गरम मसाला त्या चिमूटभरच घालीत. हे सर्व मंद आचेवर तासभर आटवून, उलथणे कढईच्या तळातून ओढले असता मागे वाट कोरडी राहील आणि ती लगेच भरून येणार नाही, इतके घट्ट करावयाचे.

आणि मग तो खिमा पूर्ण निवू द्यावयाचा. या पायरीला त्या इतके महत्त्व देत की प्रथम मला तो केवळ त्यांचा आग्रह वाटला. परंतु गरम खिम्यावर बटाटा पसरला तर तो वाफेने मऊ होऊन खाली बसतो, रस कडांतून वर उसळतो, आणि दोन थरांचा जो भेद या पदार्थाचे सौंदर्य आहे तो नाहीसा होतो, हे एकदा ध्यानी आले म्हणजे त्या आग्रहाचे मोल कळते.

बटाट्याचे प्रकरण त्याहून नाजूक आहे, आणि विलायती पाककृती जशीच्या तशी उचलणारे आपल्याकडचे बहुतेक लोक येथेच फसतात, कारण आपला बटाटा निराळा आहे. उंबरगावच्या बाजारात आमच्याकडे जो बटाटा येतो तो बहुधा उत्तर गुजरातेतील डीसाच्या बाजूचा. होळीच्या सुमारास येणारा नवा बटाटा पाणचट आणि चिकट असतो. त्याची भाजी उत्तम होते, पण तो घोटला की खळीसारखा ओढला जातो. पावसाळ्यात मिळणारा जुना बटाटा या कामी बरा, परंतु तो शीतगृहातून येतो, आणि फार थंडाव्यात राहिलेल्या बटाट्यातील पिष्टाची काही अंशी साखर होत असल्याने तो गोडसर लागतो व भट्टीत वाजवीपेक्षा लवकर काळवंडतो. म्हणून तो आणून काही दिवस टोपलीत, उबेत आणि अंधारात ठेवून द्यावा, म्हणजे ती गोडी बरीचशी उतरते. बटाटा सोलून पाण्यात उकळण्यापेक्षा सालीसकट वाफवावा, सोलून गरम असतानाच रिकाम्या पातेल्यात घालून मंद आचेवर हलवीत त्याची ओल उडवावी, आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावा. पुरणयंत्राची ही योजना मात्र माझी स्वतःची आहे. शेठाणीबाई लाकडी घोटणीने घोटीत, पण आपल्या घरात होळीनंतर वर्षभर स्वस्थ बसलेले हे साधन या कामी इतके चोख ठरते की ते मी त्यांना नेऊन दाखविले तेव्हा त्यांनी लगोलग एक मुंबईहून मागविले. मिक्सरमध्ये बटाटा कदापि घालू नये. त्याच्या पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटून पिष्ट बाहेर येते आणि त्याचा डिंक होतो. प्रथम लोणी मिसळावे, नंतर कढत दूध थोडे थोडे, मीठ, मिरपूड, आणि अखेर एका अंड्याचा पिवळा बलक. सहा माणसांस पाऊण किलो खिमा आणि एक किलोहून किंचित अधिक बटाटा हे प्रमाण मी कायम ठेवले आहे.

थर लावताना बटाटा प्रथम भांड्याच्या कडेने पसरून तेथे त्याचा बांध घालावा आणि मग मध्याकडे यावे, म्हणजे रस उसळून वर येत नाही. काट्याने पृष्ठभागावर नांगरटीसारख्या रेषा ओढाव्या. त्यांचे माथे आधी तांबूस होतात, आणि ती कुरकुरीत टोके खाणाऱ्यांना सर्वांत प्रिय असतात. तापलेल्या भट्टीत २०० अंशांवर अर्धा तास, आणि बाहेर काढल्यावर निदान १० मिनिटांची विश्रांती, एवढ्यावर काम पुरे होते.

या पदार्थाचा पूर्वेतिहास मी पुढे उत्सुकतेने शोधला. मांसावर बटाट्याचे आच्छादन घालून भाजण्याची रीत इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली; नॉरफोकच्या जेम्स वुडफोर्ड या धर्मोपदेशकाच्या रोजनिशीत १७९१ साली तिचा उल्लेख आहे, आणि मेंढपाळाचे नाव घेऊन ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एडिंबरोच्या एका पाकपुस्तकात येते. रविवारी भाजलेल्या मोठ्या मांसखंडाचे जे उरेल ते सोमवारी बारीक करून बटाट्याखाली घालावयाचे, हा तिचा मूळ हेतू होता. दुसऱ्या महायुद्धात तेथे १९४० पासून मांसाचे नियंत्रण आले ते १९५४ पर्यंत टिकले, आणि त्या काळात थोड्या मांसावर पुष्कळ बटाटा घालून कुटुंबे जगविण्याचे काम या पदार्थाने केले. मांस मुळीच न घालता केवळ भाज्यांवर बेतलेला त्याचा एक भाऊबंद तर १९४१ साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने रचला आणि तो तत्कालीन अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाने ओळखला गेला. श्रावणात आमच्या घरी मांसमच्छी वर्ज्य असते तेव्हा मी अख्खा मसूर, सुरण आणि गाजर यांचा जो थर बटाट्याखाली घालते त्याची प्रेरणा या वृत्तांतातूनच मिळाली. त्यात मसूर अखंड राहिला पाहिजे, आणि सुरण आधी चिंचेच्या पाण्यात उकडून घेतला पाहिजे; नाहीतर घशाला खाज सुटते.

मेंढपाळ म्हटले की आमच्या भागातील शाळकरी वयाची, शेळ्यांमागे डोंगरभर हिंडणारी आदिवासी मुले माझ्या डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांच्या निमित्ताने ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे स्मरण झाल्याखेरीज राहत नाही. १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू करून आणि पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेऊन या दोघींनी जे कार्य केले त्यातील कुरणशाळेची कल्पना मला फार थोर वाटते. गुरे राखणारे मूल शाळेच्या घंटेला हजर राहू शकत नाही, म्हणून त्याच्यावर गैरहजेरीचा शेरा मारण्याऐवजी शाळाच उठून कुरणावर त्याच्याकडे गेली. माणसाच्या कामाची वेळ बदलता येत नसेल तर व्यवस्थेने आपली वेळ बदलावी, हा जो न्याय त्यांनी शिक्षणाला लावला, तो स्वयंपाकघराला लावण्याचा विचार माझ्या मनात रुजला असेल तर त्याचे श्रेय बोर्डीच्या त्या वातावरणास आहे, जेथे माझे शिक्षण झाले आणि जेथे या दोघींविषयी वडीलधारी मंडळी आदराने बोलत.

बोर्डीचे काम सुटल्यावर हा पदार्थ झाईच्या घरी करावयाचा तर भट्टीची तजवीज करणे प्राप्त होते. आमच्याकडे काचेचे झाकण असलेला, ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन होता, जो एके काळी मराठी मध्यमवर्गाच्या बहुतेक घरांतून नानकटाई आणि केक यांच्यापुरता बाहेर निघे. त्याला अंश दाखविणारा काटा नव्हता. तेव्हा तापलेल्या ओव्हनमध्ये ताटलीवर चिमूटभर कणीक ठेवून ती किती वेळात बदामी होते यावरून आच ओळखावयाची. पावसाळ्यात वीज गेली की तोही निरुपयोगी, आणि मग जुनीच युक्ती कामी येई: मोठ्या पातेल्यात वाळू तापवून त्यात भांडे बसवावयाचे, वर परात झाकून तिच्यात निखारे ठेवावयाचे. वरून येणारी ती कोरडी आच बटाट्याला जो रंग देते तो विजेच्या ओव्हनला मी क्वचितच देऊ शकले.

आमच्याकडे या पदार्थाचा खरा हंगाम आषाढ. १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित होड्यांना मासेमारीची बंदी असते, ताजी मासळी जवळपास मिळत नाही, सुक्या बोंबलांची आणि सोड्यांची बेगमी हळूहळू संपत आलेली असते, आणि श्रावण लागण्यापूर्वी मटण खाऊन घेण्याची सर्वांनाच उत्कंठा असते. परंतु त्याची उपयुक्तता मला पटली ती नारळी पौर्णिमेनंतर, होड्या पुन्हा समुद्रावर गेल्यावर. खिमा आदल्या संध्याकाळी करून, निववून, थंड पेटीत ठेवावयाचा. सकाळी निवांतपणे बटाटा पसरावयाचा. आणि होडी खाडीच्या तोंडाशी दिसल्याचा निरोप बंदरावरून आला की भांडे भट्टीत सरकवावयाचे. मासळी उतरवून, वाटे पाडून, अंघोळी करून मंडळी येईतो ते तयार असते, आणि त्यांना आणखी अर्धा तास लागला तरी त्याचे काही बिघडत नाही. एवढी सावधगिरी मात्र हवी, की शिजविलेला खिमा किनाऱ्याच्या दमट उष्म्यात दोन तासांहून अधिक उघड्यावर राहू नये, आणि पुन्हा तापविताना तो मध्यापर्यंत वाफाळला पाहिजे. वरचा रंग पाहून समाधान मानू नये.

ज्या दिवशी मी हे भांडे प्रथम घरच्या पानांमध्ये आणून ठेवले त्या दिवशी सासूबाई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. "आये, बसा, आज तव्यावर काही नाही," असे म्हटल्यावर त्यांनी आत वळून पाहिले, चूल खरोखरच शांत आहे याची खात्री करून घेतली, आणि थोरल्या मुलाच्या शेजारी बसल्या. जेवता जेवता त्यांनी दिरांना वाऱ्याविषयी विचारले, कोणाची होडी आली, भाव काय लागला याची चौकशी केली; या घराच्या व्यवहारावर त्यांचे इतके सूक्ष्म लक्ष आहे आणि त्यांचा सल्ला इतका मोलाचा आहे हे तोपर्यंत आम्हांपैकी कोणाच्या ध्यानातच आले नव्हते, कारण तो सल्ला देण्याच्या वेळी त्या नेहमी तव्यापुढे असत. मी या पदार्थाविषयी एवढ्या ममत्वाने लिहिते त्याचे कारण हे आहे. त्याची चव उत्तम आहेच, पण चव आमच्या कालवणालाही आहे; त्याचे श्रम मात्र जेवणाच्या वेळेवर पडत नाहीत, आधीच होऊन गेलेले असतात. भाकरीचे श्रम नेमके पंगत बसली असताना मागितले जातात, आणि ते देणारी व्यक्ती त्या पंगतीतून वजा होते. भाकरीवर माझी निष्ठा आहे, ती आमच्या घरातून जाणार नाही आणि जाऊही नये. परंतु आठवड्यातून एकदोनदा तरी तिला सुटी देण्यात अन्नाचा अवमान होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मासळीच्या हंगामात मटणाऐवजी रावस किंवा घोळ घालून हाच प्रकार करण्याचा परिपाठ मग आपोआप पडला. त्यात कृती उलटी होते: मासा परतावयाचा नाही, दुधात हलकेच शिजवून त्याच दुधाचा मैद्यावर पांढरा रस्सा करावयाचा, आणि मासळीचे तुकडे मोठे ठेवावयाचे. ओला बोंबील येथे चालत नाही. त्याच्यात पाणी इतके, की बटाटा तरंगू लागतो. सासूबाईंनी त्यात हिरव्या वाटणाची भर घातली, कोथिंबीर, मिरची आणि ओले खोबरे यांची, आणि त्यामुळे पांढऱ्या रश्शाचा बेचवपणा गेला. आता पाहुण्यांनाही मी तोच प्रकार वाढते.

शेजारच्या आळीतील दोघी जणी येत्या आषाढात हे शिकावयास येणार आहेत. त्यांच्याकडे ओव्हन नाही, तेव्हा वाळू आणि परातीच्या निखाऱ्यांवरच शिकवावयाचे ठरले आहे. वाळू खाडीकाठची खारट चालणार नाही, नदीची, चाळलेली हवी, एवढी ताकीद त्यांना देऊन ठेवली आहे, आणि बटाटे आठ दिवस आधीच आणून टोपलीत घालावयास सांगितले आहे.